बुडबुडा दाखवणाऱ्या मिस्त्रींना

स. न. वि. वि.

भाऊ, हे पत्र चारचौघांत लिहितो आहे म्हणून रागावू नका. तुमचे नाव आणि दुकानाचा पत्ता कुठे येऊ देऊ नये, गर्दी झाली की कामाची घाई होते, असे तुम्ही बजावले होते. ते पाळतो आहे. परंतु आभार मात्र उघडच मानायचे आहेत, कारण माझा जो अपमान झाला तोही उघडच, दहा लोकांसमोर झाला होता.

सौ.च्या उपचारांसाठी आम्हाला दर पंधरवड्याला अकोल्याहून नागपूरला, म्हणजे सुमारे 250 किलोमीटर, जावे लागते. एप्रिलमध्ये आमच्या इलेक्ट्रिक गाडीचा एसी गरम वारा फेकू लागला. अमरावतीला चार्जिंगला लावली, तर नेहमीच्या पाऊण तासाच्या कामाला दोन तास लागले आणि तेवढा वेळ सौ. ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसली. एसीचा गॅसच गाडीच्या बॅटरीलाही थंड ठेवतो, तो गेला की तापलेली बॅटरी स्वतःला जपण्यासाठी चार्जिंग हळू करते, हे मला तुमच्याकडून कळले. ज्यांच्याकडून आधी कळायला हवे होते, त्या सर्व्हिस सेंटरने दोनदा गॅस भरून दिला, दोनदा पैसे घेतले आणि तिसऱ्यांदा कॉम्प्रेसरच बदलण्याचे पाच आकडी अंदाजपत्रक हाती ठेवले. गळती कुठे आहे, असे मी विचारले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘काका, तुम्हाला सांगून समजणार आहे का?’ मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे. तरी त्या दिवशी उत्तर सुचले नाही.

तुम्ही पहिल्याच भेटीत म्हणालात की बंद नळ्यांतून फिरणारा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला, आणि ती जागा सापडेपर्यंत तुम्ही नवा गॅस भरणार नाही. नंतर विचारलेत, आधीच्यांनी तेल कोणते घातले? साध्या गाडीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो, या गाडीच्या कॉम्प्रेसरची मोटर शेकडो व्होल्टवर त्या गॅसात आणि तेलातच बुडालेली असते, त्यामुळे साध्या गाडीचे तेल चुकून जरी आत गेले तरी विजेची गळती सुरू होऊ शकते, हे तुम्ही समजावून सांगितलेत. माझ्या दोन्ही जॉबकार्डांवर तेलाचा उल्लेखही नव्हता. ते कागद तुम्ही शांतपणे घडी घालून परत दिलेत, एक शब्दही वावगा काढला नाही. मी तुमच्या जागी असतो तर दोन शब्द नक्की काढले असते.

पण हे पत्र मी लिहितो आहे ते त्यानंतरच्या पाच मिनिटांसाठी. नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून, सांध्यासांध्याला साबणाचा फेस लावत तुम्ही बराच वेळ गाडीखाली होतात. मग बाहेर आलात, फरशीवर गोणपाट दुमडून ठेवलेत आणि म्हणालात, ‘गुरुजी, या, तुम्हीच बघा.’ तो लहानसा गोल आरसा आधी स्वतःच्या रुमालाने पुसून तुम्ही माझ्या हातात दिलात आणि टॉर्च धरून बसलात. मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्याला काही केल्या काही दिसेना. तुम्ही तीनदा नव्याने फेस लावलात, एकदाही घाई केली नाहीत. चौथ्या वेळी सांध्याच्या मागच्या बाजूला, वरून कधीच दिसली नसती अशा जागी, मोहरीएवढा एक बुडबुडा आला, हळूहळू ज्वारीच्या दाण्याएवढा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा आला. ‘दिसला?’ असे तुम्ही विचारलेत, तेव्हा मला ‘हो’ म्हणता आले नाही, नुसती मान हलवली.

पुढचे काम तुमच्या दृष्टीने किरकोळ होते. करंगळीच्या टोकावर बसेल एवढी हिरवी रबरी रिंग बदलली गेली; व्हॅक्यूम करून रात्रभर ठेवले आणि गेजचा काटा हललेला नाही हे सांगायला तुम्ही सकाळी साडेसहाला फोन केलात; मग बॉनेटखालच्या लेबलवर छापलेला तेवढाच गॅस काट्यावर तोलून भरलात. बिलात रिंगेचे 40 रुपये वेगळे लिहिलेले पाहून सौ. हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

हुशार माणसे आपल्याकडे कमी नाहीत. ज्याचे पैसे आणि ज्याची अडचण, त्याला समोर बसवून ‘हे असे आहे’ म्हणून दाखवणारी कमी आहेत. डॉक्टर असोत, वकील असोत की आम्ही मास्तर, बहुतेकांना समोरच्याने न पाहता विश्वास ठेवावा असे वाटते. मीही वर्गात किती मुलांना ‘तुला समजणार नाही’ म्हणालो असेन, हे त्या रात्री आठवत बसलो होतो.

परवा, ऐन नवतपात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, नागपूरला जाऊन आलो. अमरावतीला चार्जिंग पाऊण तासात आटोपले आणि बडनेऱ्याच्या पुढे सौ.ने एसी कमी करायला सांगून शाल काढली. तुमचा तो आरसा मात्र माझ्या सदऱ्याच्या खिशातच राहिला आहे. सोमवारी आणून देतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अकोला