सिमरनचे बाबा खरंच कठोर होते का?

महोदय,
'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ ला आला तेव्हापासून अमरीश पुरींच्या बलदेव सिंगला सगळे जल्लाद ठरवून मोकळे झालेत, मला ते अजिबात पटत नाही. लंडनमध्ये दुकान चालवणारा, कबुतरांना दाणे टाकताना पंजाबच्या आठवणीने व्याकूळ होणारा माणूस आहे तो, आणि हाच बाप मुलीला महिनाभर युरोप फिरायला परमिशन देतो हे कोणी लक्षातच घेत नाही. पण हां, तिचं प्रेम कळल्यावर सगळं बिऱ्हाड उचलून पंजाबला नेलं, मित्राला दिलेल्या शब्दापायी तिचं लग्न लावायला निघाला, हे चूकच, तिथे मी त्याची बाजू घेणार नाही. माया होती हो, पण मुलीला ती दिसली कधी? शेवटी स्टेशनवर तिला जाऊ देताना सोडलेला तिचा हात घरीच सोडायला हवा होता.
– एक वाचक, ठाणे