त्या एका फोनबद्दल, मॅडम

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण चार ओळी वाचल्यात की कळेल कोण लिहितंय. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली, खाऱ्या जमिनीतल्या हरभरेवाल्यांची मुलगी.

मे २०२४ मध्ये फ्लॉरेन्सला आंतरराष्ट्रीय मृदाशास्त्र संघाची शताब्दी परिषद होती. १९२४ साली रोममध्ये संघ स्थापन झाला, त्याला शंभर वर्षं झाली म्हणून. माझं पोस्टर, म्हणजे संशोधन मांडणारा तक्ता, तिथे निवडलं गेलं तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले. मग पैशाची वणवण सुरू झाली. एका कार्यालयात म्हणाले, आधी जाऊन या, बिलं लावा, मग बघू. दुसरीकडे अर्ज तीन आठवडे टेबलावरून हलला नाही. एका साहेबांनी तर तोंडावर विचारलं, "पोस्टरच आहे ना? त्यासाठी इटलीला कशाला जायचं?" ते अजून टोचतं. फेलोशिप तरुण संशोधकांसाठी म्हणायची, आणि तिकिटाचे पैसे आधी स्वतःच्या खिशातून भरायला लावायचे. ज्याच्या घरात तेवढे पैसे नाहीत, त्यानं अर्ज तरी कशाला करायचा?

मग तुमच्या संस्थेकडून तुमचा फोन आला तेव्हा मी शेतात होते. एप्रिलचं ऊन, आणि मी जमिनीला पडलेल्या भेगेत टेप सोडून खोली मोजत होते. अभिनंदन केलंत आणि लगेच विचारलंत, "तिकिटाचे पैसे आत्ता आहेत का गं तुझ्याकडे?"

मी गप्प झाले. तुम्ही कारण विचारलं नाहीत, बाबा काय करतात विचारलं नाहीत. "बरं, तिकीट आम्हीच काढतो. पासपोर्टचा फोटो पाठव," एवढंच म्हणालात. खरिपाच्या बियाण्या-खतासाठी बाजूला काढलेले हरभऱ्याचे पैसे मोडायचं बाबांनी ठरवलं होतं. ते वाचले. फोन ठेवल्यावर मी तिथेच धुऱ्यावर बसून रडले, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

पोस्टरवर मी एकच मोठा फोटो लावला होता: भेगेत कोपरापर्यंत गेलेला बाबांचा हात. लोक त्या हातापाशी थांबायचे. सुदानचा एक संशोधक बराच वेळ उभा राहिला. त्यांच्याकडच्या गेझिरा भागातही अशीच काळी, भेगाळणारी जमीन आहे. सोडियम थोडंसं वाढलं तरी आमच्या चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाऊस वरच साचतो आणि मुळाशी ओल पोचत नाही, हे मी त्याला हातवारे करून सांगितलं. अशी जमीन सुधारायला घालतात त्या जिप्समवर आम्ही तासभर बोललो. पंचवीस पानं वाचून जे उमगलं नव्हतं ते त्या तासात उमगलं. त्या साहेबांना हे सांगावंसं फार वाटतं.

शिफारशी करणारे, सही करणारे मला बरेच भेटले, त्यांचेही उपकार आहेत. पण समोरच्याला तोंड उघडून मागायला लागू नये एवढं जपणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. आता माझ्या हाताखाली दोन विद्यार्थी आहेत. कुणाची निवड झाली की माझ्या तोंडून आधी तुमचाच प्रश्न निघतो.

आई विचारत असते, त्या मॅडम कधी येणार. जानेवारीत घाटे भरतात. शेतातच हरभरा भाजू. या ना, मॅडम.

तुमची,
खारपाणपट्ट्यातली पोर