कॅनडातल्या विनिपेगहून आई-आबांना

ती. आई आणि आबा,
शि. सा. नमस्कार.

दादानं मोबाईलवर कुणाचीतरी थंडीनं गोठून काळी पडलेली बोटं दाखवली आणि आईनं जेवण सोडलं, असं छोटी सांगत होती. माझी बोटं धड आहेत. दोन-दोन हातमोजे घालते. ती बोटं असणारे पेशंट माझ्या वॉर्डात येतात, एवढंच.

आई, तू म्हणालीस की हात गारठले तर शेगडीवर धर, तेल लावून चोळ. इथं नेमकं तेच करायचं नसतं. गोठलेल्या बोटात बर्फाचे कण झालेले असतात, चोळलं की आतलं मांस आणखी दुखावतं. बोट बधिर असल्यानं शेगडीवर भाजलं तरी कळत नाही. आम्ही ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात हात अर्धा तास बुडवून ठेवतो. पाणी निवत जातं, म्हणून थर्मामीटर बघत सारखं गरम पाणी ओतायचं. मेणासारखं पांढरं, टणक बोट हळूहळू लाल होतं, मऊ पडतं, आणि त्यात जीव परत येताना धट्टाकट्टा माणूस ओरडतो. दुखण्याचं औषध आम्ही आधीच देतो. नंतर येणारे फोड पाण्याचे असले तर बरं, रक्ताचे असले तर इजा खोल. २४ तासांच्या आत पेशंट आला तर नसांतल्या गुठळ्या विरघळवायचं औषध देता येतं. आणि दादाला सांगा, बोट काळं पडलं म्हणून लगेच कापत नाहीत. कुठपर्यंत मेलंय ते स्पष्ट व्हायला कित्येक आठवडे थांबतात, त्यात बरंचसं बोट वाचतंही.

आपल्या सावळ्या हातावर पांढरेपणा चटकन दिसत नाही, म्हणून दाबून बघावं लागतं. आपल्याकडची नवीन पोरं बसथांब्यावर उघड्या हातानं मोबाईल बघत उभी असतात. मी प्रत्येकाला टोकते.

इथली एक गोष्ट आबांना पटायची नाही. रात्री लोक गाड्या विजेला लावतात. बॅटरीच्या नव्हे, पेट्रोलच्याच! बोनेटमधून वायर लोंबत असते, पार्किंगमध्ये गाडीसमोर खांबावर प्लग असतो. इंजिनजवळ हिटर बसवलेला असतो, तो चालू ठेवतात. नाहीतर उणे तीसमध्ये ऑइल इतकं घट्ट होतं की सकाळी गाडी सुरूच होत नाही.

वेळ अमावस्येची भज्जी-आंबिल यंदाही हुकली. छोटीच्या लग्नाचे दोन लाख या आठवड्यात पाठवते. त्यातून सोसायटीचं कर्ज भरू नका, ते मी उन्हाळ्यात बघते. लातूरचा हॉल ठरवून टाका. माघात आमचा वॉर्ड भरलेला असतो, सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. माझ्यासाठी तारीख पुढं ढकलू नका. छोटी फोनवर काही बोलली नाही, पण तिला राग आलाय हे मला कळतं. करवली म्हणून मावशीच्या पोरीला उभं करा, ती हौशी आहे.

माझ्यासाठी आलेल्या अंबाजोगाईच्या स्थळाला वर्षभर थांबता येत असेल तर विचारा. नाही म्हणाले तरी चालेल, खरंच. आबा, "पोरीला उगीच एवढं लांब पाठवलं" असं पाहुण्यांसमोर म्हणत जाऊ नका. गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
थोरली