श्रावण पाळणाऱ्यांना तिसऱ्या दिवसाबद्दलही सांगा

२६ जूनला ऐरोलीत आमच्या सेक्टरमधून शाळकरी मुलांची व्यसनमुक्तीची फेरी गेली. फलक, घोषणा, शेवटी बिस्किटांचे पुडे. ‘दारू सोडा’ सगळ्यांनी सांगितलं, कशी सोडायची ते कुणीच नाही.

गेल्या गटारीनंतर आमच्या शेजारच्या काकांनी श्रावण पाळायचं ठरवलं. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस, एकदम बंद. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरले की चहा कपापेक्षा बशीतच जास्त. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसू लागली आणि पहाटे फिट आली. काकू ‘बाहेरचं’ समजून दृष्ट काढत होत्या! रोजच्या दारूला सरावलेल्या मेंदूची दारू एकाएकी तोडली की असं होतं, जिवावरही बेततं. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

गांजा किंवा एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) यांच्या बाबतीत आईबाप पोलिसांच्या धास्तीने गप्प बसतात. (मीही बसलो असतो.) पण १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच कलम ६४अ आहे: नशेसाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइनही आहे.

सोसायट्यांच्या फलकांवर पाणीकपातीच्या सूचनेशेजारी एवढा मजकूर यंदा गटारीच्या आठवडाभर आधी लागावा, ही विनंती.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई