बंड्यास, चार महिन्यांनी

सांगोला
रविवार, रात्री साडेअकरा

बंड्या,

चार महिने तुझा फोन उचलला नाही. "छाटणी चाललीय" म्हणून दोनदा थापही मारली. तब्येत बरी. आईची साखर जरा वर, नानांचा गुडघा तसाच.

मंगळवेढ्याचं स्थळ गेलं. अकरावं. पोरीच्या मामानं बागेत फिरून डाळिंबाची झाडं मोजली, बोअरला पाणी किती ते विचारलं, पोहे दोनदा घेतले. दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन, "पोरीला पुण्यातला पायजे म्हणत्यात." तेव्हा काही वाटलं नाही. नंतर झोपच उडाली. आठवडाभरानं पहाटे मोटार चालू करायला गेलो, तर शेडमधली फवारणीची औषधं जागेवर नाहीत. वाटलं, चोरी. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "उंदरं झाल्यात, आत ठिवली." आतल्या ट्रंकेला कुलूप. किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या सेफ्टी पिनेत.

उंदीर कधी औषध खायला येतात का रे? तिनं विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. तुला नाही म्हणवत नाही.

डिसेंबर २०२२ आठव. सोलापूरला बिनलग्नाची पोरं नवरदेव होऊन घोड्यावरून कलेक्टर कचेरीवर गेली होती. तू व्हिडिओ पाठवून विचारलंस, "तुझा घोडा कुठला?" मीही खिदळलो. त्यांची मागणी गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा अशी होती, ती आपण वाचलीसुद्धा नाही. परवा रात्री हिशेब काढला. २००१च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार पोरांमागे ९१३ पोरी. आपण दोघं तेव्हा पाच वर्षांचे, त्याच हजारांत. तुझं जमलं. उरलेल्या ८७ मध्ये मी.

कट्ट्यावर गण्या म्हणतो, पोरी माजल्यात. मीही मान डोलवायचो. पण आक्काच्या वेळी नानांनी दोन बागायतदार परत पाठवले, नोकरीवालाच हवा म्हणून. तेव्हा पोहे वाटायला मीच होतो की.

आणि कॉलेजातलं ते भांडण. तिनं चिठ्ठी परत दिली, तेव्हा तू म्हणालास, "सोड, दुसरी बघ." त्यावर आठ दिवस आपण बोललो नाही. माझं अजून तेच म्हणणं आहे, तू चुकलास. मला दुसरी नको होती. तू नुसता शेजारी बसला असतास तरी चाललं असतं.

बुधवारी रात्री दोनला १४४१६ला फोन लावला. मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, रात्रंदिवस चालू. बाई मराठीत बोलल्या. नाव विचारलं तर घाबरून तुझंच सांगितलं. म्हणजे सरकारदरबारी सध्या तू उदास आहेस, सांभाळ. त्यांनी आधी जेवलो का विचारलं, मग बराच वेळ नुसतं ऐकलं. मी रडलो. हे गण्याला कळलं तर तुझं काही खरं नाही. सोमवारी सोलापूरला डॉक्टरांकडे जातोय. घरी ड्रिपच्या नळ्या आणायला म्हणून सांगितलंय.

छकुलीच्या बारशाला आलो नाही, वहिनीची माफी माग. पर्मनंट झालास का?

गुरुवारी फवारणी आहे. आईकडे किल्ली मागायची तर तोंड कसं करायचं, सुचत नाहीये. त्याआधी फोन कर. उचलतो.

तुझा,
पप्या