पाणी नितळ दिसलं म्हणजे झालं?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीच्या बातम्यांत ‘गढूळ पाण्यामुळे’ हे शब्द ठरलेले असतात. तीस वर्षं प्रयोगशाळेत पाण्याचे आणि जुलाबाचे नमुने तपासले, म्हणून सांगते, पटकीचा जंतू नितळ पाण्यातही असतो. गढूळ पाणी माणूस बघूनच टाळतो. घात होतो तो स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याने.

हा जंतू, ‘व्हिब्रिओ कॉलरी’, दिसतो स्वल्पविरामासारखा, शेपटी एकच. ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सुळकन इकडून तिकडे जाताना दिसतो. त्याला आम्ल सोसत नाही, अल्कधर्मी पाणी मात्र मानवतं. म्हणून नमुना आधी अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, सहा-आठ तास ठेवायचा. बाकीचे जंतू मागे पडतात, हा फोफावतो. मग टीसीबीएस या खास माध्यमाच्या हिरव्या थाळीवर दुसऱ्या दिवशी त्याच्या पिवळ्या वसाहती उठतात. त्या दिसल्या की पोटात गोळा यायचा.

खाडीतलं मचूळ, कोमट पाणी हे त्याचं घरच. तिथे तो सूक्ष्म कवचधारी जिवांना चिकटून राहतो. बांगलादेशातल्या खेड्यांत जुनी सुती साडी चौपदरी-आठपदरी करून पाणी गाळलं, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्यावर आले, ते या जिवांबरोबर जंतूही कापडात अडकले म्हणून. जठरातलं आम्ल बरेच जंतू मारतं. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी म्हणूनच जास्त जपावं. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भातातही हा झपाट्याने वाढतो.

तुरटी फिरवली की गाळ बसतो, पण जंतू गेले असं धरून चालू नये. पाणी उकळावं, नाहीतर क्लोरिन. आमच्याकडे टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते, पण कधी ती जुनी, दम गेलेली असते, तर कधी अर्धा तास थांबायच्या आत पाणी सोडलं जातं. एका वाडीत टाकीजवळच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरिन असेल तर पाणी पिवळं करणारी चाचणी) छान पिवळी आली होती, आणि शेवटच्या घरी नळीतलं पाणी पांढरं ते पांढरंच. जुलाबाची दोन्ही पोरं त्याच घरातली होती.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, साथीची बातमी देताना शेवटच्या नळाला क्लोरिन किती होतं ते विचारा आणि छापा. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं, साथीत त्याहून जास्त.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रायगड जिल्हा