डीपीवरच्या न्यूट्रलसाठी आभार

आदरणीय लाईनमनदादा,

परवाच्या पावसात वाडीतल्या डीपीचा (घरांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार, तुम्ही नीट जोडून दिलात, त्याबद्दल घरगुती वायरिंगची कामं करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

चंद्रपूरच्या वीजकेंद्रातल्या 500 मेगावॅटच्या संचातून वीज निघते 21 केव्हीला (21 हजार व्होल्टला). तिथेच ती 400 केव्हीवर चढवतात. प्रवाह एकोणीस पटींनी घटतो आणि त्याच तारेत उष्णतेने वाया जाणारी वीज साधारण 360 पटींनी. पुढे 220, 132, 33 असं उतरत 11 केव्हीचा फीडर (वीज आणणारी लाईन) आपल्या डीपीपर्यंत येतो. एवढ्या लांबून आलेल्या विजेचं शेवटी एका बोल्टवर अडतं, हे लोकांना कळायला हवं.

न्यूट्रल सुटला की दोन वेगळ्या फेजवरची (वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी वेगवेगळ्या तारांवरची) घरं 400 व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. एकीकडे 2000 वॅटचा गीझर आणि दुसरीकडे टीव्ही-दिवे मिळून 200 वॅट असतील, तर टीव्हीवर साडेतीनशेहून जास्त व्होल्ट येतात. ज्याचा लोड कमी, त्याचंच सामान जळतं. फ्यूज मात्र उडत नाही, कारण प्रवाह फ्यूज उडण्याइतका वाढलेला नसतो. म्हणून अशा वेळी दिवे कुठे भगभगीत, कुठे मंद दिसले, की आधी मेन स्विच बंद करायचा.

तुम्ही तार नुसती पिळून गेला नाहीत. आधी एलटीचे (घरांकडच्या कमी दाबाच्या बाजूचे) फ्यूज काढलेत, मग 11 केव्हीच्या बाजूचा एबी स्विच उघडून तिन्ही डीओ (खांबावरचे खाली उतरवता येणारे फ्यूज) उतरवलेत, आणि दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड (तार जमिनीशी जोडणारी दांडी) लावूनच हात घातलात. बरोबरच होतं. कुणी चेंजओव्हर स्विचशिवाय (जो एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडतो) जनरेटर चालवला, तर त्याची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून 11 केव्हीच्या बाजूला हजारो व्होल्ट होतात. तारेच्या टोकाचा जुना लग (बोल्टला बसणारा तुकडा) तांब्याचा आणि तार अ‍ॅल्युमिनियमची. ओलाव्यात अशी जोडणी कुजते, तापते, सैल होते. तुम्ही बायमेटल (दोन्ही धातूंचा) लग क्रिम्प करून (घट्ट दाबून) बसवलात आणि जाताना तिन्ही फेजचे व्होल्टेज मोजलेत. खाली लोक "झालं का?" म्हणून ओरडत होते, तरी एकही पायरी गाळली नाहीत. याचं आम्हाला फार मोल वाटतं.

वाडीतल्या ज्या घरांत जनरेटर आहे, तिथे चेंजओव्हर स्विच बसवण्याचं काम आम्ही हाती घेतलं आहे. मजुरी घेणार नाही.

आपले,
वाडीतले वायरमन